हरवलेलं माणूस आधी दुकानात दिसतं

प्रति,
नाशिक शहरातील समस्त दुकानदार, सराफ, औषधविक्रेते, हॉटेलमालक आणि रिक्षाचालक बंधू-भगिनींना,



हे पत्र स्मृतिभ्रंशाबद्दल आहे. तुम्हाला वाटेल, पत्राचा पत्ता चुकला. स्मृतिभ्रंश, डिमेन्शिया, अल्झायमर ही डॉक्टरांची भाषा. फार तर महापालिकेनं लक्ष घालावं. दुकानदाराचा काय संबंध? संबंध आहे, आणि तो डॉक्टरांच्याही आधीचा आहे. या आजारात माणूस पहिल्यांदा अडखळतो तो बऱ्याचदा गल्ल्यासमोर. नोट पाचशेची दिली की दोनशेची, सुटे किती परत यायचे, पैसे मघाशीच दिले की द्यायचे राहिलेत, याचा मेळ लागेनासा होतो. घरात चार माणसं सांभाळून घेतात, बायको न बोलता चूक निस्तरते, म्हणून तिथं सगळं झाकून जातं. दुकानात झाकत नाही. अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात असं दिसलं, की ज्यांना पुढे स्मृतिभ्रंशाचं निदान झालं त्यांची बिलं निदानाच्या सहा-सहा वर्षं आधीपासून थकू लागली होती. म्हणजे डॉक्टरांच्या कागदावर नाव येण्याआधी तो आजार कुणाच्या तरी वहीत थकबाकी म्हणून लिहिला जात होता.

म्हणून हे पत्र तुम्हाला. लिहिणारी मी कुणी तज्ज्ञ नाही. घरात हा आजार जवळून पाहिलेली आणि तुमच्याच दुकानांतून वर्षानुवर्षं सामान भरणारी एक गिऱ्हाईक आहे.

आधी आवाका सांगते. साठी ओलांडलेल्या भारतीयांची तपासणी करून केलेला एक देशव्यापी अभ्यास २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे. देशभरात हा आकडा ८८ लाख होतो आणि २०३६ पर्यंत तो १ कोटी ६९ लाखांवर जाईल, असा अंदाज आहे. २०११ च्या जनगणनेत आपल्या महापालिका हद्दीत १४ लाख ८६ हजार लोक होते, आणि राज्यात साठीपुढच्यांचं प्रमाण होतं साधारण १० टक्के. तेच प्रमाण नाशिकला लावलं तर ढोबळ हिशेबानं दहा-अकरा हजार माणसं होतात. त्यानंतर शहर वाढलंय आणि शहरातली माणसं म्हातारीही झालीत.

ही माणसं कोण, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे. कुणी नाशिकरोडच्या प्रेसमधून निवृत्त झालेलं, ज्याच्या डोळ्यांखालून उभा जन्म नोटांच्या थप्प्या गेल्या. कुणी ओझरला एचएएलमध्ये विमानं जुळवलेली, कुणी सातपूरच्या मायकोत पाळ्या केलेल्या. कुणी जुन्या नाशकातल्या वाड्यातून सिडकोच्या तिसऱ्या मजल्यावर राहायला गेलेली आजी. ही सगळी तुमची जुनी गिऱ्हाइकं. आजारानं त्यांचं रोजचं दुकान सुटत नाही. पायाला सवय असते. अडचण सुरू होते ती दुकानात पाऊल टाकल्यावर.

आमच्या भागात एक किराणा दुकान आहे. फार मोठं नाही. दाराशी गहू-तांदळाच्या गोण्या, वर शाम्पूच्या पुड्यांच्या माळा, गल्ल्यावर मालक किंवा त्यांची सून. तिथं रोज संध्याकाळी एक निवृत्त शिक्षक येतात आणि पाव किलो चहा पावडर मागतात. घरात पुड्यांचा ढीग साठला तेव्हा त्यांच्या मुलानं येऊन मालकांना सगळं सांगितलं. तेव्हापासून एक शिरस्ता पडलाय. सर आले की मालक "या सर" म्हणून स्टूल पुढे करतात. चहा पावडर देतात. "कालच तर नेलीत," असं म्हणत नाहीत. पैसे घेतात, आणि परत द्यायचे सुटे एकेक नोट सरांच्या तळहातावर ठेवत मोजतात. सरांना ऐकू जाईल, शेजारच्या गिऱ्हाइकाला जाणार नाही, इतपत आवाजात. मग वहीच्या शेवटच्या पानावर तारीख टाकतात. रविवारी मुलगा येतो, न फोडलेले पुडे परत देतो, तेवढे पैसे घेऊन जातो. दुकानाला तोशीस नाही. सरांचं रोज बाहेर पडणं, खिशातून पाकीट काढून आपल्या हातानं खरेदी करणं मात्र टिकून आहे.

एकदा मी तिथं होते तेव्हा सरांना काय हवं तेच आठवेना. गल्ल्यावर हात ठेवून नुसते उभे. मागे दोघं जण घाईत. त्यातल्या एकानं "काका, आवरा ना" म्हणून मोठा सुस्कारा टाकला. मालकांनी त्याचं सामान सुनेकडे सरकवलं, "ह्यांचं तू बघ," म्हणाले, आणि सरांकडे वळून विचारलं, "सर, चहा पावडर देऊ का?" सरांचे खांदे सैल झाले. "हो हो, तीच."

या दोन मिनिटांत काय काय घडलं ते बघा. घाईतल्या गिऱ्हाइकाशी वाद न घालता त्याला वाटेला लावलं. "काय हवंय?" हा प्रश्न मालकांनी टाळला, कारण त्याचं उत्तर शोधायला सगळी आठवण उपसावी लागते. "चहा पावडर देऊ का?" या प्रश्नाला हो किंवा नाही म्हणणं पुरतं. सरांच्या वतीनं दुसऱ्या कुणाशी बोलणं नाही, त्यांच्या डोक्यावरून नजरानजर नाही. स्मृतिभ्रंश झालेल्या माणसाला शब्द आठवत नाहीत, पण आपला अपमान झाला हे कळतं, आणि प्रसंग विसरला तरी त्याचा सल मनात राहतो. मग तो माणूस त्या दुकानाची पायरी टाळतो, आणि हळूहळू घराबाहेर पडणंच टाळतो. आजार त्यानंतर झपाट्यानं घेरतो.

ही समज मालकांनी कुठल्या वर्गात जाऊन मिळवलेली नाही. वहीवर उधारी चालायची तेव्हा दुकानदाराला घर न् घर माहीत असायचं. कोण पगाराला देतं, कुणाची लेक बाळंतपणाला आली, कोणत्या आजोबांना साखर वर्ज्य आहे, सगळं. ती ओळख आता पातळ होत चाललीय. गल्ल्यावर वहीच्या जागी क्यूआर कोडचा फलक आला. कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या मोठ्या दुकानांत गिऱ्हाईक स्वतःच टोपली भरतं, काउंटरवरची मुलं दर काही महिन्यांनी बदलतात, आणि दारावरचा सुरक्षारक्षक बिल तपासूनच सोडतो. पैसे न देता बाहेर पडणारे आजोबा त्याच्या दृष्टीनं चोर ठरतात. जुनं सगळं चांगलं होतं, असं मी म्हणत नाही. जुन्या पेठांतही "म्हातारचळ लागलाय" म्हणून टिंगल करणारे कट्टे होतेच. पण जे आधी ओळखीपोटी आपसूक व्हायचं, ते आता ठरवून करावं लागेल.

ते धंद्याधंद्यात वेगळं असेल. सराफ बाजारापासून सुरुवात करते. एखाद्या आजी एकट्या येतात, हातातल्या पाटल्या काढून ठेवतात आणि "मोडायच्यात" म्हणतात. आपलं सोनं मोडण्याचा त्यांना पूर्ण हक्क आहे, एकटी बाई दिसली की संशय घ्यावा असं अजिबात नाही. पण कशासाठी मोडायच्यात ते सांगता येत नाही, भाव तिसऱ्यांदा विचारतात, किंवा कानाला फोन लावलेला आहे आणि पलीकडून कुणीतरी सूचना देतंय, अशी लक्षणं दिसली की वजनकाट्यावरचा हात थांबवा. "आजी, बसा, पाणी घ्या. आज भाव जरा पडलाय, उद्या मुलाला घेऊन या," एवढं पुरे. पेढीवरची अनुभवी माणसं हे कित्येक वर्षं करत आलीत. काल नोकरीला लागलेल्या मुलालाही ते शिकवा. फोनवरून 'अटक' करून म्हाताऱ्यांची खाती रिकामी करणाऱ्या टोळ्यांचा सध्या सुळसुळाट आहे, आणि विसरत चाललेलं माणूस हे त्यांचं सगळ्यात सोपं सावज.

बँकेतल्या मंडळींनाही हेच सांगणं. रिझर्व्ह बँकेनं नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्यात, की सत्तरी ओलांडलेल्या आणि आजारी, अपंग खातेदारांना रोख रक्कम, चेकबुक, हयातीचा दाखला अशा मूलभूत सेवा घरपोच द्याव्यात. किती शाखा हे आपणहून सांगतात? नोव्हेंबरात हयातीच्या दाखल्यासाठी पेन्शनरांची रांग लागते तेव्हा आधी तेवढी पाटी तरी दर्शनी लावा. आणि सही जुळली नाही तर खातेदाराला सगळ्यांसमोर पुन्हापुन्हा गिरवायला लावू नका. बाजूला बसवून बघा, दुसऱ्यांदा जमते.

औषधाच्या दुकानात तर चूक जिवावर बेतू शकते. रक्तदाबाची महिन्याची गोळी आठवड्यात दुसऱ्यांदा नेली जात असेल, तर ती दुप्पट पोटात जात असण्याची शक्यता आहे. नेहमीच्या गिऱ्हाइकाचं हे तुमच्या संगणकावर एका क्लिकवर दिसतं. घरी एक फोन करा. सर्दी, खाज, झोप यांसाठी सहज काढून दिली जाणारी काही जुनी औषधं म्हाताऱ्या माणसाचा गोंधळ आणखी वाढवतात, हे तुम्हाला अभ्यासक्रमात शिकवलेलंच आहे. काउंटरवरच्या पोऱ्याला ते माहीत नसतं. सगळाच विसराळूपणा हा डिमेन्शिया नसतो, हेही तुम्हीच सांगू शकता. बी-१२ ची कमतरता, थायरॉइड, नैराश्य यांमुळेही माणूस विसरायला लागतो आणि वेळेत उपचार मिळाले तर सुधारतो. "वयामुळे होतंच," म्हणून घरच्यांनी सोडून दिलेलं असतं तिथं "एकदा डॉक्टरांना दाखवा, सिव्हिललाही दाखवता येईल," असं म्हणणारं पहिलं माणूस अनेकदा केमिस्टच असतं.

हॉटेलवाल्यांनो, आपल्याकडे वेटर एका दमात यादी म्हणतो: पोहे-उपमा-इडली-मेदूवडा-साबुदाणावडा-मिसळ-साधी-की-तिखट. चाळिशीतल्या माणसालाही त्यातलं शेवटचंच लक्षात राहतं. म्हाताऱ्या माणसाला दोन पदार्थ सांगा, थांबा, मग पुढचे दोन. चुकून भलतंच मागवलं तर बदलून द्या. टोकियोत २०१७ साली काही दिवस एक उपाहारगृह चालवलं गेलं, तिथं वाढायला होते स्मृतिभ्रंश झालेले लोक आणि नाव होतं 'चुकीच्या ऑर्डरींचं उपाहारगृह'. मागवलं एक, आलं भलतंच, तरी लोक हसत खाऊन गेले. आपण निदान बसलेल्या माणसाची चूक तरी पोटात घालू.

दुकानाच्या जागेबद्दल थोडंसं. दारातलं काळं पायपुसणं अशा माणसाला खड्ड्यासारखं दिसू शकतं. तो उंबऱ्यावर थबकतो आणि मागून धक्के बसतात. फिकट रंगाचं टाका. चकचकीत फरशी ओली वाटते. समोरासमोरच्या आरशांत आपल्याकडेच बघणारा कोण हे कळेनासं होतं. एकीकडे टीव्ही, दुसरीकडे गाणी, मध्ये मिक्सर, अशात त्याला तुमचं बोलणं पकडता येत नाही. यातलं काही बदलायला फार पैसे लागत नाहीत. एक खुर्ची, बरा उजेड, आवाज जरा कमी, आणि स्वच्छतागृह असेल तर दारावर शब्दासोबत चित्र. गुडघेदुखीवाल्यांपासून कडेवर मूल घेतलेल्या बाईपर्यंत सगळेच त्यासाठी तुमचे आभार मानतील.

आता सगळ्यात कठीण गोष्ट. हरवणं.

या आजारात अलीकडचं आधी पुसलं जातं आणि जुनं टिकून राहतं. म्हणून अशा माणसाच्या डोक्यात नाशिकचा नकाशा असतो, पण चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचा. तो रिक्षावाल्याला "व्हिक्टोरिया पुलावर सोड" म्हणतो. पंचविशीतल्या रिक्षावाल्याला अहिल्याबाई होळकर पूल माहीत, व्हिक्टोरिया ठाऊक नाही. अशोक स्तंभाशी उभा राहून तो सर्कल टॉकीज शोधतो. खुणेचा वाडा पाडून तिथं पार्किंगवाली इमारत उभी राहिली की त्याची वाट तिथंच संपते. आणि सध्या तर सिंहस्थ कुंभमेळ्यासाठी निम्मं शहर खोदलेलं, वळवलेलं, रुंद केलेलं आहे. धडधाकट माणूसही चुकतो. संध्याकाळ झाली की अशा माणसांची अस्वस्थता वाढते, "मला घरी जायचंय" सुरू होतं, आणि ते घर पुष्कळदा लहानपणीचं असतं. "काका, ते घर आता नाही," असं सांगून उपयोग होत नाही. "कोणतं घर? कोण कोण असतं तिथं?" असं विचारत बसवलं, चहा दिला, तर बोलता बोलता मुलाचं नाव, गल्लीचं नाव, शाळेचं नाव असं काहीतरी हाती लागतं. हे विचारण्यात जुन्या दुकानदाराचा हात कुणी धरू शकत नाही. व्हिक्टोरिया पूल कुठला हे त्याला माहीत असतं.

सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा 'अस्तु' तुमच्यापैकी काहींनी पाहिला असेल. त्यात संस्कृतचे प्रकांड पंडित असलेले एक वृद्ध प्राध्यापक हत्तीच्या मागे चालत चालत हरवतात. मोहन आगाशे यांनी ते उभे केलेत. मुलगी शहरभर शोधत फिरते, आणि प्राध्यापकांना जेवू-खाऊ घालते ती हत्तीवाल्याची गरीब बायको. त्या भूमिकेसाठी अमृता सुभाष यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सिनेमातली असली तरी गोष्ट खोटी नाही. हरवलेल्या माणसाला पहिल्यांदा भेटतं ते रस्त्यावरचं माणूस, आणि पुढचं सगळं त्या माणसावर अवलंबून असतं.

ते माणूस वाईट निघालं तर काय होतं, तेही पाहून ठेवा. मे २०२२ मध्ये ६५ वर्षांचे एक मनानं अधू गृहस्थ देवदर्शनाच्या प्रवासात कुटुंबापासून चुकले. त्यांना नावगाव धड सांगता येईना. "आधार कार्ड दाखव," म्हणत मध्य प्रदेशातल्या नीमच जिल्ह्यात एकानं त्यांना मारहाण केली आणि त्यातच त्यांचा जीव गेला. त्या मारहाणीचं चित्रण देशभर फिरलं. नाव सांगता न येणं हा गुन्हा नाही, एवढी साधी गोष्ट त्या क्षणी तिथं कुणाला सुचली नाही.

आपल्याकडे देवदर्शनाची अफाट गर्दी येऊ घातलीय. सिंहस्थाचं पहिलं अमृतस्नान २ ऑगस्ट २०२७ ला, दुसरं ३१ ऑगस्टला, तिसरं नाशकात ११ सप्टेंबरला आणि त्र्यंबकेश्वरी १२ सप्टेंबरला. गावोगावचे म्हातारे-कोतारे येतील. आयुष्यात एकदा रामकुंडावर डुबकी मारायची म्हणून घरचे त्यांना घेऊन येतील, आणि गर्दीत हात सुटेल. पोलिस असतील, मदत केंद्रं असतील, भोंग्यावरून नावं पुकारली जातील. पण ज्याला स्वतःचं नाव ओळखीचं वाटत नाही, तो भोंगा ऐकून केंद्रावर जाईल कसा? तो पंचवटीतल्या कुठल्यातरी भांड्याच्या, प्रसादाच्या, चिवड्याच्या दुकानाच्या पायरीवर बसलेला असेल. ती पायरी तुमची आहे.

या बाबतीत वारकऱ्यांकडून शिकण्यासारखं आहे. वारीत चुकलेल्या म्हाताऱ्याला कुणी आधी नाव विचारत नाही; "माऊली, दिंडी कितवी?" विचारतात आणि त्या दिंडीपर्यंत पोचवतात. माणसानं आपला पत्ता सांगायचा नाही, त्याच्या अंगावर किंवा सोबतच्यांकडे तो असायचा, ही सोय आहे. आपल्या घरच्या माणसासाठी तेच करता येतं. शर्टाच्या आतल्या बाजूला शिवलेली फोन नंबरची पट्टी, गळ्यात ताईत, नाहीतर मुंबईत २०२३ पासून 'प्रोजेक्ट चेतना' या उपक्रमातून मिळणाऱ्या लॉकेटसारखं क्यूआर कोडचं लॉकेट. फोननं स्कॅन केलं की घरच्यांचा नंबर मिळतो. दुकानातल्या पोरांना एवढंच सांगा, की गोंधळलेलं म्हातारं माणूस दिसलं तर गळा, मनगट, खिसा यांवर असं काही आहे का ते त्याला विचारून बघायचं. मग ११२. सल्ला हवा असेल तर ज्येष्ठांसाठीची १४५६७ ही मोफत हेल्पलाइन आहे. आणि कुणी येईपर्यंत त्या माणसाला एकटं सोडायचं नाही.

जपानमध्ये ओमुता नावाचं एक जुनं खाणगाव आहे. १९९७ ला कोळशाची खाण बंद पडली, तरुण बाहेर गेले, म्हातारे उरले. २००४ पासून तिथं दरवर्षी हरवलेल्या माणसाला शोधण्याचा सराव होतो. एक स्वयंसेवक वाट चुकलेल्या वृद्धाचं सोंग घेऊन गावात फिरतो, त्याचं वर्णन लोकांच्या फोनवर जातं, आणि ज्याला तो दिसेल त्यानं पुढे होऊन बोलायचं. लोकांना माणूस दिसत नाही असं नसतं. अनोळखी म्हाताऱ्याशी बोलायचं कसं, याचा संकोच असतो. तो सरावानं जातो. त्याच देशात २००५ पासून दुकानदार, बँक कर्मचारी, शाळकरी मुलं यांना दीड तासाचा एक साधा वर्ग दिला जातो. एक कोटीहून जास्त लोकांनी तो केलाय. आपल्या देशातही हे काम नवं नाही. अल्झायमरग्रस्तांसाठीची राष्ट्रीय संस्था १९९२ मध्ये केरळातल्या कुन्नमकुलमला सुरू झाली, आणि केरळातल्याच कोचीन विज्ञान-तंत्रज्ञान विद्यापीठानं 'उद्बोध' उपक्रमातून कोचीला या माणसांसाठी सुसह्य शहर करण्याचं काम हाती घेतलं.

नाशकात सुरुवात करायला काय अडचण आहे? राज्याचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. तुमच्या व्यापारी संघटनांनी त्यांना पत्र लिहून एवढंच मागावं: तासाभराचा, मराठीतला, दुकानात काम करणाऱ्या पोरांना कळेल असा वर्ग आखून द्या. दुपारी दोन ते चार पेठेत तसंही सामसूम असते, तेवढ्यात होईल. दुसरं, प्रत्येक गल्लीत दोन दुकानं अशी ठरवा, जिथं हरवलेल्या माणसाला आणून बसवता येईल आणि जिथं पोलिस ठाण्याचा, रिक्षा स्टँडचा, गणेश मंडळाच्या कार्यकर्त्यांचा नंबर भिंतीवर लिहिलेला असेल. मंडळाच्या पोरांना आपल्या भागातली सगळी घरं पाठ असतात, वर्गणीमुळे. तिसरं, पहिल्या अमृतस्नानाआधी ओमुतासारखा एक सराव मेन रोड-पंचवटी पट्ट्यात घ्या. पोलिस चेंगराचेंगरीचा, आगीचा सराव घेतातच. त्यात हरवलेल्या आजोबांचाही एक घ्यायला सांगा.

बेल्जियमच्या ब्रुज शहरात अशा दुकानांच्या काचेवर गाठ मारलेल्या रुमालाचं चित्र असतं. आपल्याकडेही विसरू नये म्हणून पदराला गाठ मारायची पद्धत होतीच. पण स्टिकर आधी आणि वर्ग नंतर, असं मात्र करू नका. आपल्याला फलकाचा सोस फार.

तुमच्या शंका मला ऐकू येतायत. गर्दीच्या वेळी एकेकाला दहा मिनिटं कशी द्यायची? सगळ्यांनी द्यायची नाहीत. चार माणसांच्या दुकानात एकानं बाजूला व्हायचं, एवढंच. एकट्याचं दुकान असेल तर खुर्ची द्या आणि गर्दी ओसरली की बोला. अशा माणसाला वाट बघायला लावणं चालतं, घाई करणं चालत नाही. उद्या काही झालं तर आमच्यावर येईल का? तुम्ही आजाराचं निदान करायचं नाही, कुणाला घरी नेऊन सोडायचं नाही, पैशाचा व्यवहार अंगावर घ्यायचा नाही. थांबवायचं, बसवायचं, घरी किंवा ११२ ला फोन करायचा. आणि गिऱ्हाइकाच्या आजाराची चर्चा कट्ट्यावर करायची नाही. उधारीची चर्चा चांगला दुकानदार करत नाही, त्यातलंच हे. यात आमचा फायदा काय? ज्या घरातल्या म्हाताऱ्या माणसाला तुम्ही नीट वागवलंत, ते घर पुढच्या पिढीपर्यंत तुमचं दुकान सोडत नाही. हे मी तुम्हाला सांगायचं म्हणजे काजव्यानं सूर्यापुढे चमकण्यासारखं आहे.

दोष सगळा तुमच्या पदरात टाकायचा नाही. आम्ही घरचे लोक लपवतो. लोक काय म्हणतील, मुलीचं लग्न व्हायचंय, म्हणून आजोबांना खोलीत बसवतो आणि दुकानदाराला कळूच देत नाही. मग तो बिचारा त्यांना भांडखोर समजतो. हे पत्र ज्या घरांत वाचलं जाईल त्यांना माझं सांगणं आहे: नेहमीच्या किराणावाल्याकडे, केमिस्टकडे, न्हाव्याकडे, कोपऱ्यावरच्या रिक्षा स्टँडवर जा, आपल्या माणसाची गोष्ट सांगा, नंबर द्या आणि दर महिन्याला हिशेब चुकता करा. विश्वास ठेवला तरच समोरचा तो सांभाळेल.

२१ सप्टेंबर हा जगभर अल्झायमर दिन म्हणून पाळला जातो. त्या दिवशी भाषणं होतील, फेऱ्या निघतील. मला तुमच्याकडून भाषण नको. तुमच्या संघटनेच्या येत्या बैठकीत हा एक विषय घ्या, आणि त्या आधी आजच दुकान बंद करताना काउंटरवरच्या पोरांना उभं करून सांगा: उद्यापासून म्हाताऱ्या गिऱ्हाइकाला "लवकर सांगा" म्हणायचं नाही. तेवढ्यानं सुरुवात होते. पुढचं तुम्हाला आपोआप सुचेल, कारण माणूस ओळखणं हाच तर तुमचा धंदा आहे.



आपली,
पंचवटीतली एक जुनी गिऱ्हाईक